ग्रँड कॅनियनच्या पोटात मुक्काम करताना फोटो कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे : ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रँड कॅनियनमध्ये चार दिवसांचा ट्रेक. हर्मिट ट्रेलने खाली उतरायचं, टॉन्टो ट्रेलने आडवं जायचं आणि ब्राइट एंजल ट्रेलने वर यायचं. मुक्काम हर्मिट क्रीक, मॉन्युमेंट क्रीक आणि हवासुपाई गार्डन्स. हाताशी फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, १४-२४, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटर अशा तीन लेन्स आणि एक ट्रायपॉड. यातलं काय न्यायचं? आणि मागच्या खेपेला कड्यावरून काढलेले फोटो सपाट, धुरकट का आले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सामानाचं उत्तर त्यातूनच निघतं.

साउथ रिमच्या, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाच्या, कठड्याशी उभं राहिलं की समोरचा नॉर्थ रिम हवाई अंतराने पंधरा-सोळा किलोमीटर लांब असतो. तेवढी सगळी हवा तुमच्या आणि दगडाच्या मध्ये असते, आणि ती निळसर पडद्यासारखी फोटोत उतरते. त्यात वेळ दुपारची असेल तर ऊन सगळ्या सोंडांवर सारखंच पडलेलं असतं. पुढची सोंड कुठे संपते आणि मागची कुठे सुरू होते, हे दाखवायला सावलीच नसते. मग बहुतेक जण सगळं एका फोटोत मावावं म्हणून वाइड लेन्स लावतात. वाइड लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या करते आणि लांबच्या बारीक. दीड किलोमीटरहून खोल दरी फोटोच्या मध्यावर एका पट्टीएवढी उरते, वर कोरं आकाश, खाली कठड्याचे दगड. डोळ्याला तसं दिसत नाही, कारण डोळा एका जागी ठरत नाही. तो सुळक्यावर जातो, नदीवर जातो, परत येतो आणि मन त्याची खोली जुळवत राहतं. कॅमेऱ्याला ही खोली सावलीतूनच मिळते.

म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीशी येऊन थांबतं : दरीतला फोटो ठरतो तो तुम्ही कुठे झोपता यावर. ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येणार आणि तेव्हा तुम्ही चालत असणार, झोपेत असणार की ट्रायपॉड लावून उभे असणार, हे मुक्कामाच्या ठिकाणानेच ठरून जातं. ग्रँड कॅनियनमध्ये रिमखाली मुक्काम करायचा तर परमिट लागतं, त्याची लॉटरी काही महिने आधी होते आणि अर्जात कोणत्या रात्री कुठे हे लिहून द्यावं लागतं. आयत्या वेळी मनाला आलं म्हणून दुसरीकडे तंबू ठोकता येत नाही. म्हणजे फोटोचा पहिला निर्णय अर्ज भरतानाच होतो, लेन्सच्या आधी.

आता तुमची वाट बघू. हर्मिट क्रीकचा कॅम्प एका उपदरीत आहे. पाणी बारमाही, जागा छान, पण तिथे ऊन उशिरा पोहोचतं आणि दुपारीच भिंतीआड जातं. मॉन्युमेंट क्रीकचंही थोडंफार तसंच. हवासुपाई गार्डन्स दाट झाडीत आहे. तिन्ही ठिकाणं पाण्यासाठी उत्तम, पण तिन्ही ठिकाणी पहाटे तंबूबाहेर डोकं काढल्यावर समोर मोठा देखावा नाही. एक दिवस वाढवता आला तर जरूर वाढवा आणि क्रम असा लावा : पहिली रात्र हर्मिट क्रीक, दुसरी ग्रॅनाइट रॅपिड्सला थेट नदीकाठी, तिसरी टॉन्टोवर सीडर स्प्रिंग किंवा सॉल्ट क्रीकच्या भागात, चौथी हवासुपाई गार्डन्स. चारच दिवस हातात असतील तर मॉन्युमेंट क्रीकऐवजी ग्रॅनाइट रॅपिड्स मागा; कॅम्पपासून ते फक्त अडीच किलोमीटर खाली आहे. मात्र मग तिसऱ्या दिवशी हवासुपाई गार्डन्सपर्यंतची चाल वीस किलोमीटरच्या आसपास जाते. अंधारात निघावं लागेल आणि वाटेत फोटोसाठी थांबायला फार वाव राहणार नाही.

टॉन्टोवर एक रात्र काढा, असा आग्रह मी का धरतो? टॉन्टो हे दरीच्या मधोमध असलेलं लांबलचक सपाट पठार. साउथ रिमच्या साधारण हजार मीटर खाली आणि नदीच्या तीन-चारशे मीटर वर. तिथे उभं राहिलं की वर रेडवॉल नावाच्या लाल थराचा उभा कडा आणि खाली आतल्या घळीतला काळा कातळ, दोन्ही एकाच वेळी दिसतात. आकाश मोकळं असतं, त्यामुळे पहाटेची पहिली आणि संध्याकाळची शेवटची तिरीप दोन्ही मिळतात. रिमवरून तुम्ही दरीकडे पाहता, नदीकाठी भिंती तुम्हाला घेरतात. टॉन्टोवर मात्र दरीची रचना समजते. एकच अडचण, पाणी. सॉल्ट क्रीकचं पाणी हंगामी आणि खनिजांनी भरलेलं, तर त्यापुढच्या हॉर्न क्रीकच्या पाण्यात युरेनियम आहे, ते पिऊ नये असं पार्कच सांगतं. म्हणजे मॉन्युमेंट क्रीकला सगळ्या बाटल्या भरून निघायचं. माणशी पाच-सहा लिटर धरा. म्हणजेच पाच-सहा किलो. लेन्सचा विचार करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

त्या वजनापुढे १४-२४ घरी ठेवायची. तिचा मोह होतो हे खरं, पण वर सांगितलं तसं दरीत अतिवाइड लेन्सचा उपयोग अरुंद घळीत आणि ताऱ्यांसाठीच, आणि या वाटेवर ताऱ्यांच्या फोटोला वेगळी अडचण आहे, ती पुढे सांगतो. २४-७० कॅमेऱ्यावर आणि ७०-२०० सॅकमध्ये हाताला लागेल अशी. ७०-२०० जर एफ २.८ वाली असेल तर तिचं वजन एक ते दीड किलोच्या घरात जातं. एफ ४ वाली मिळाली तर तीच न्या. दरीत एफ २.८ लागत नाही. माझ्या आवडीचे दरीतले बहुतेक फोटो १०० ते २०० मिलिमीटरमध्ये आहेत, कारण लांब लेन्स एकामागच्या एक सोंडा जवळ ओढून आणते आणि जी हवा वाइड फोटोत त्रास देते तीच इथे कामाला येते : पहिली सोंड गडद, दुसरी जरा फिकी, तिसरी निळी, चौथी जेमतेम रेघ.

ट्रायपॉड न्याच. कार्बन फायबरचा, किलो-सव्वा किलोचा, मधला दांडा न उचलता छातीएवढा होणारा पुरे. वारा आला की त्याला सॅक लटकवता येते. फिल्टरमध्ये एक पोलरायझर, म्हणजे चमक आणि प्रतिबिंब कमी करणारी काच. बॅटऱ्या तीन जास्तीच्या, कारण वाटेत चार्जिंग नाही आणि ट्रायपॉडवर स्क्रीन चालू ठेवून थांबण्यात बॅटरी भराभर जाते. रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. कॅमेरा सॅकच्या पट्ट्यावर क्लिप लावून छातीशी ठेवा. सॅकच्या आत गेलेला कॅमेरा उतारावर दमलेला माणूस बाहेर काढत नाही.

आता प्रकाश. इथे थोडं थांबतो, कारण खरं काम इथेच आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या थोडा आधी मावळतो. ग्रँड कॅनियन ज्या राज्यात आहे ते अ‍ॅरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे फोनवर शेजारच्या राज्याची वेळ आली नाही ना हे पाहून घ्या. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. जूनमध्ये तो ७७ अंशांवर जातो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये दुपारीसुद्धा ऊन तिरपं आहे, ही तुमची जमेची बाजू. तुम्ही ज्या बाजूने चालता ती दक्षिणेची बाजू, तिच्या भिंतींची तोंडं उत्तरेला, म्हणून त्या बराच वेळ सावलीत असतात. आणि नदीपलीकडचे उत्तरेचे सुळके व पिरॅमिडसारखे डोंगर दिवसभर उजळलेले. सूर्य उगवतो पूर्वेच्या जरासा दक्षिणेला आणि मावळतो पश्चिमेच्या जरासा दक्षिणेला. या भागात नदी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम वाहते. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी ऊन दरीच्या लांबीतून येतं, प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळते आणि दुसरी काळी राहते. मोठ्या देखाव्यासाठी हीच वेळ.

पहाटे उन्हाची रेघ वरून खाली उतरते. आधी रिमचा कायबॅब चुनखडक, मग कोकोनिनोचा फिकट पिवळसर पट्टा, मग सुपाईच्या तांबड्या पायऱ्या, मग रेडवॉल. ही रेघ रेडवॉलच्या माथ्याशी येते तेव्हा वरचा लाल उतार पेटलेला आणि खालचा कडा निळ्या सावलीत, अशी उभी विभागणी मिळते. ती काही मिनिटंच टिकते. त्यामुळे फ्रेम आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवा. पहाटे हेडटॉर्चच्या उजेडात जागा शोधत हिंडलात तर ती वेळ तर जाईलच, शिवाय टॉन्टोची कड कुठे संपते ते अंधारात कळत नाही.

बहुतेक जण नऊ वाजता कॅमेरा आत ठेवतात, आणि नेमक्या त्याच वेळी उपदऱ्यांमध्ये सगळ्यात सुंदर प्रकाश सुरू होतो. उन्हातली एक भिंत समोरच्या सावलीतल्या भिंतीवर लालसर उजेड फेकते. सावलीतल्या भिंतीला थेट ऊन नाही, वरचं निळं आकाशही फार दिसत नाही, तिच्यापर्यंत येतो तो फक्त समोरच्या तांबड्या दगडावरून परतलेला प्रकाश. दगड आतून तापल्यासारखा दिसतो. मॉन्युमेंट क्रीकपासून ग्रॅनाइट रॅपिड्सकडे उतरताना ओढ्याची अरुंद घळ लागते, तिथे हे बघा. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी दोन ते चार. याच घळीत एका ठिकाणी खाली विष्णू शिस्टचा काळा, पिळवटलेला कातळ, त्यात गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा आणि त्यावर एकदम आडवे बसवलेले टेपीट्स वालुकाश्माचे तपकिरी थर दिसतात. शिस्ट सुमारे १७० कोटी वर्षांचा, टेपीट्स सुमारे ५० कोटींचा. दोघांच्या सांध्यावर तळहात टेकवला तर हाताखाली १२० कोटी वर्षांची गाळलेली पानं असतात. फोटोत हा सांधा उन्हात कधीच नीट येत नाही. शिस्ट काळा ठिक्कर पडतो आणि वालुकाश्म पांढरा. परतलेल्या उजेडात दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये मिळतात. कॅमेरा सांध्याच्या उंचीवर आणा, एफ ११ ठेवा आणि शिरा फ्रेमच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या.

इथे कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स घात करतो. त्याला वाटतं की दृश्य उगाच नारिंगी झालंय, आणि तो ते दुरुस्त करून सपक पांढरं करतो. डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, पक्कं करून टाका. रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असलात तरीही, कारण स्क्रीनवर जे दिसतं त्यावरच तुम्ही तिथे राहायचं की निघायचं ते ठरवता.

दुसरी खाचखळग्याची जागा म्हणजे हिस्टोग्राम, कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख. लाल दगडावर साधा पांढरा हिस्टोग्राम फसवतो. तो तिन्ही रंगांचा मिळून एक अंदाज दाखवतो. लाल रंग केव्हाच टोकाला आपटलेला असतो आणि हिस्टोग्राम मात्र उजवीकडे जागा शिल्लक असल्याचं सांगतो. घरी येऊन पाहिलं की उन्हातल्या कड्यावरचा सगळा पोत गेलेला, नुसता नारिंगी डाग. मेन्यूत जाऊन तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रंगाच्या टोकाकडे बघून एक्स्पोजर ठेवा. सकाळ-संध्याकाळ उन्हातला कडा आणि सावलीतली घळ यांच्यात फरक इतका असतो की एका फोटोत दोन्ही पकडणं सेन्सरला जड जातं. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घेऊन ठेवा. पण नंतर संगणकावर सावली ओढून ओढून करडी करू नका. सावलीतल्या दगडाचा पोत जेमतेम कळला तरी बस. सावली उपसून काढली की खोली पुन्हा जाते आणि मागच्या खेपेसारखाच सपाट फोटो हाती येतो.

रेडवॉलबद्दल एक गंमत सांगतो, फोटोच्या कामाची आहे. दीडशे मीटरहून उंच असलेला हा लाल कडा मुळात करड्या चुनखडकाचा आहे. वरच्या सुपाई आणि हर्मिट थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याच्यावर लालीचा लेप चढतो. जिथे अलीकडे दरड कोसळली आहे तिथे आतला राखाडी रंग उघडा पडलेला दिसतो. ७०-२०० लावून असा एखादा राखाडी व्रण शोधा. सगळ्या लाल भिंतीत तो एकच डाग नजर पकडून ठेवतो आणि रंगाचा खरेपणा तपासायलाही उपयोगी पडतो : तो राखाडी दिसत असेल तर बाकीचा लाल बरोबर आहे.

ग्रॅनाइट रॅपिड्सला नदीकाठी झोपायला सांगितलं त्याचं कारण सकाळचं पाणी. ग्लेन कॅनियन धरणाने १९६३ पासून वरचा गाळ अडवला, तेव्हापासून पाऊस पडलेला नसेल तर इथली कोलोरॅडो नदी हिरवट असते. उपनद्यांना लोंढा आला की पुन्हा लालसर तपकिरी. सकाळी सूर्य अजून काठावर पोहोचलेला नसतो, पण समोरची भिंत वरच्या अंगाला उजळलेली असते. धबधब्यासारख्या उसळीच्या जरा वरच्या अंगाला पाणी संथ असतं. तिथे खाली बसा, कॅमेरा पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर. लाटांच्या तुमच्याकडच्या उतारावर आकाशाचा निळा आणि पलीकडच्या उतारावर भिंतीचा सोनेरी रंग येतो, दोन्ही एकमेकांत विणलेले. शटर इथे सगळं ठरवतं. एक चतुर्थांश सेकंद ठेवलं तर दोन्ही रंग मिसळून मळकट होतात. साठाव्या भागात प्रत्येक लहर गोठून काचेचे तुकडे पडल्यासारखी दिसते. पंधराव्या ते तिसाव्या भागाच्या दरम्यान रंगांच्या पट्ट्या ताणल्या जातात पण तुटत नाहीत. पोलरायझर काढून ठेवा. तो नेमकं हेच प्रतिबिंब पुसून टाकतो. एरवीही वाइड फ्रेममध्ये आकाश असेल तर पोलरायझर जपून, नाहीतर आकाशाचा एक भाग गडद निळा आणि बाकीचा फिका होतो. ओल्या कातळावरची चमक काढायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

काठावरची वाळू पिठासारखी बारीक आहे आणि वारा संध्याकाळी हमखास सुटतो. तिथे लेन्स बदलू नका. बदलायचीच तर तंबूत शिरून. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा सांधा वाळूत जाणार असेल तर पायाचा खालचा भाग आधी थोडा बाहेर ओढा म्हणजे सांधा वर राहतो. रात्री कॅमेऱ्याच्या पिशवीत खाण्याचं काहीही ठेवू नका. तिथले उंदीर आणि रिंगटेल (रकूनच्या कुळातला छोटा प्राणी) पिशवी कुरतडतात आणि दिवसा डोमकावळे चेन उघडून आत शिरतात.

फोकसबद्दल फार चर्चा होते, मी थोडक्यात सांगतो. २४ मिलिमीटर आणि एफ ११ वर पावणेदोन मीटरवर फोकस केलं की साधारण नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. मोठा प्रिंट काढायचा असेल तर थोडं पुढे, अडीच मीटरवर फोकस करा. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनाने सगळंच मऊ पडतं.

पुढच्या अंगाला काही हवं म्हणून टॉन्टोवर वाटेबाहेर पाऊल टाकताना खाली बघा. झुडपांमधल्या मातीवर काळपट, खरबरीत पापुद्रा दिसेल. तो जिवंत आहे : सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून धरलेली माती. एका बुटाने मोडला तर भरून यायला वर्षानुवर्षं, कित्येकदा दशकं जातात. ट्रायपॉडचे पाय दगडावर किंवा ओढ्याच्या वाळूवर टेकवा. आणि कुठे जुन्या वस्तीचे अवशेष किंवा भिंतीवरची चित्रं दिसली तर हात न लावता फोटो काढा, आणि तो फोटो पुढे कुणाला देताना त्यातली जागेची नोंद काढून टाका. ड्रोनचा विचार असेल तर सोडून द्या, अमेरिकेच्या नॅशनल पार्कमध्ये २०१४ पासून त्याला बंदी आहे.

मोजमाप हा फोटोतला मोठा प्रश्न. इतक्या मोठ्या दगडांत आकाराचा अंदाज यावा असं काहीच नसतं. सोबत्याला वाटेवर शे-दीडशे मीटर पुढे चालू द्या आणि लांब लेन्सने घ्या. हलक्या रंगाचा शर्ट असला की तो माणूस ठिपक्याएवढा असूनही सापडतो. त्याला कड्याच्या टोकावर उभं करू नका. तिथे पाय निसटून जीव गेलेले आहेत, आणि वाटेवरून चालणारा माणूस फोटोत जास्त खराही वाटतो. तुम्ही स्वतः डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलही मागे सरकू नका. आधी कॅमेरा खाली, मग पाऊल.

रात्रीचं सांगायचं राहिलं होतं. ग्रँड कॅनियनला २०१९ साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, त्यामुळे आकाशगंगेची आशा घेऊन लोक येतात. पण ऑक्टोबरमध्ये आकाशगंगेचा ठळक गाभा संध्याकाळी नैर्ऋत्येला, अगदी खाली असतो आणि तुमच्या दक्षिणेला साउथ रिमची हजार मीटर उंच भिंत उभी आहे. गाभा तिच्याआडच राहतो. या वाटेवर त्याच्यामागे न लागता चांदण्याचे फोटो काढा. जमलं तर तारखा पौर्णिमेच्या आसपासच्या मागा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण दरीत तो लगेच दिसत नाही; आधी वरचे कडे उजळतात आणि मग उजेडाची रेघ पहाटेसारखीच खाली सरकत येते. चांदण्यात एफ ४, आयएसओ १६०० आणि पंधरा सेकंद इथून सुरुवात करा. दगडाचा रंग येतो, आकाश निळं येतं आणि तारेही टिकतात. या फोटोंचं वेड मला अजून सुटलेलं नाही.

पावसाचं एक बजावतो. ऑक्टोबरात मॉन्सूनच्या वळवाच्या सरी बहुधा संपलेल्या असतात, पण संपल्याच असं धरून चालू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातल्याच अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला आणि अकरा जण गेले. पाऊस तिथे नव्हता, वरच्या अंगाला किलोमीटरगणती दूर पडला होता. मॉन्युमेंट क्रीकच्या अरुंद घळीत शिरण्याआधी नुसतं डोक्यावरचं आकाश बघून भागत नाही. दक्षिणेला, रिमच्या बाजूला ढग दाटलेत का ते बघा. पाणी गढूळ होऊ लागलं की फोटो सोडून चढायचं. तंबू कधीही ओढ्याच्या पात्रात नको.

आणखी एक शक्यता म्हणजे धूर. शरद ऋतूत पार्क रिमवरच्या जंगलात ठरवून आगी लावतं, आणि तो धूर पहाटे दरीत खाली बसतो. धूर दिसला तर सूर्याच्या दिशेने तोंड करा आणि लांब लेन्स लावा. सोंडांच्या कडा एकामागून एक सुट्या होतात. सूर्य पाठीशी ठेवून त्या दिवशी काहीच हाती लागत नाही.

चौथ्या दिवशी (चारच दिवसांचा बेत असेल तर तिसऱ्या) टॉन्टोवरून हवासुपाई गार्डन्सकडे येताना नदीपलीकडे आयसिस टेंपल आणि चीऑप्स पिरॅमिड हे दोन डोंगर समोर येतात. दुपारी तीननंतर त्यांच्या पश्चिम अंगावर ऊन आणि पूर्व अंगाला सावली पडायला लागते. चाल जमवून त्या वेळी तिथे असा. हवासुपाई गार्डन्सला तंबू लावून, जेवण मागे ठेवून, प्लॅटो पॉइंटला जा. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, वाट सपाट. खाली चारशे मीटरवर नदी आणि चहूबाजूंना कडे. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं थांबा. ऊन गेल्यावर पूर्वेकडच्या आकाशाचा गुलाबी उजेड दगडावर उतरतो आणि सावल्या मऊ होतात. तिथे तीन फोटोंचीही गरज लागत नाही, एकात सगळं येतं. परतताना हेडटॉर्च.

याच जागेचा एक जुना संदर्भ तुम्हाला आवडेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांनी ब्राइट एंजल ट्रेलच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ काढला. खेचरांवर बसून खाली निघालेल्या पाहुण्यांचे फोटो ते सकाळी काढत. रिमवर फोटो धुण्यापुरतं स्वच्छ पाणी नव्हतं, म्हणून एमरी फोटो घेतलेल्या काचा (तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो घेत) घेऊन आजच्या हवासुपाई गार्डन्सपर्यंत सात किलोमीटरहून जास्त खाली धावत जाई, तिथे फोटो धुऊन पाहुणे परतायच्या आत पुन्हा वर येई. त्यांचा स्टुडिओ अजून उभा आहे. वर पोहोचल्यावर आत जाऊन बघा.

शेवटच्या दिवशी साडेपाचला निघा. ब्राइट एंजलची वाट उत्तरेकडे उघडणाऱ्या खिंडीतून चढते, सकाळी ती बराच वेळ सावलीत असते. चढायला बरं आणि फोटोलाही, कारण तुम्ही सावलीत आणि पाठीमागचे डोंगर उन्हात. तीन मैलांच्या विश्रांतिघरापाशी वळून ७०-२०० ने बघा. निघण्याआधी पार्कच्या सूचना वाचून वाटेवरचे नळ चालू आहेत का आणि वाटेचा कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का, हे बघून घ्या. अर्ध्या चढावर खेचरांची रांग खाली येताना भेटेल. तेव्हा ट्रायपॉड मिटवा, दरीकडच्या नव्हे तर डोंगराकडच्या अंगाला उभे राहा आणि पुढचा स्वार सांगेल तसं करा. फोटो घ्यायचा तर शेवटचं खेचर पुढे गेल्यावर, खालच्या वळणावर ती रांग उन्हात शिरते तेव्हा घ्या.